धाकटीची सिकाई

माझ्या धाकट्या जावेला जे जे होतं ते मलाही होतं, पण तिच्यानंतर आणि तिच्यापेक्षा कमी. वयाने मी मोठी, या घरात आधी आले मी, पण तिला ताप आला की घरी डॉक्टर येतो आणि मला आला की तापाची गोळी येते. तिच्या वांग्याच्या भाजीला सगळे वा वा करतात, माझी भाजी फक्त संपवतात. तेव्हा दुखण्याच्या बाबतीत तरी काही वेगळं होईल अशी आशा मी करायलाच नको होती.

आमचं घर झाशीत, मानिक चौकाच्या मागच्या एका गल्लीत. सासरे रेल्वेत होते, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी हे घर घेतलं. माझा नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, दीर शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मी भुसावळची. इतकी वर्षं झाली तरी माझी हिंदी डोक्यात आधी मराठीत शिजते आणि मग तोंडात येते. जाऊ मात्र इथलीच, चार पिढ्या झाशीत राहिलेल्या मराठी घरातली. मला ती इकडच्या पद्धतीने जिज्जी म्हणते. भाजीवाल्याशी ती बुंदेलीत भांडते आणि जिंकते. मी भांडले की भाजीवाला हसतो. तिचं माहेर चालत जाण्याएवढं जवळ आहे, आणि जवळच्याच समथर गावात तिची मावशी आहे, ती दर हिवाळ्यात तुपाचा डबा पाठवते. माझ्या माहेराहून इथे काही यायचं तर ते गाडीत निम्मं सांडतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मत्सर माझ्या अंगात कधी शिरला असं कोणी विचारलं तर मला एक दिवस दाखवता येणार नाही. तो हळूहळू मुरला, बरणीतल्या लोणच्यासारखा.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जावेच्या अंगावरून पाणी जाऊ लागलं, मधूनच थोडं लाल. तिची आई तिला एका खाजगी नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर दोघींचे चेहरे पडलेले. "बच्चेदानी के मुँह पे घाव है," तिच्या आईने दारातच जाहीर केलं, "सिकाई होगी." सासूबाई हातातली परात घेऊन तशाच खाली बसल्या. सिकाई म्हणजे आपण गुडघ्याला देतो तो शेक नव्हे, हे आम्हाला नंतर कळलं. विजेवर तापवलेल्या टोकाने गर्भाशयाच्या तोंडावरची लाल जागा जाळतात. फार वेळ लागत नाही. सकाळी गेलेली जाऊ दुपारी रिक्षाने घरी आली, आणि त्या दुपारपासून आमच्या घरात फक्त तीच राहत होती. बाकीचे आम्ही तिच्या सेवेला.

कूलरची खोली तिला मिळाली. पाण्याची बादली उचलायची नाही, पोळपाटाशी बसायचं नाही, जिना चढायचा नाही. सासूबाई तिला मऊ भात द्यायच्या आणि त्यावर समथरचं तूप. दीर कारखान्यातून येताना रोज जिलेबी आणायचे, ती म्हणे तिला गोड खावंसं वाटतं म्हणून. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची, तिची ताटं उचलायची आणि ती कूलरसमोर पडल्या पडल्या म्हणायची, "जिज्जी, तुमचे फार हाल होतात हो माझ्यामुळे." म्हणायची अगदी मनापासून. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. पाळी आली की सून दूर बसते. तसं कडक काही नाही, पलंगावर झोपते, टीव्ही बघते, फक्त स्वयंपाकघरात आणि देवघरात जात नाही. सासूबाई याला अजून अडचण म्हणतात, त्यांच्या सासूने म्हटलेला शब्द. डाग दिसला की अडचण, असा साधा हिशोब. पण सिकाईनंतर जावेला कित्येक दिवस पाणी आणि डाग जातच राहिले, डॉक्टरीणबाईंनी तसं आधीच सांगितलं होतं. मी सासूबाईंना सहज विचारलं, "मग ही देवघरात कशी जाते?" सहज म्हणजे सहज नव्हे, सकाळपासून ठरवून.

"ते दुखणं आहे गो," त्या म्हणाल्या. "अडचण नव्हे."

हा निवाडा मी लक्षात ठेवला. उपयोग व्हायचा तो उलटाच झाला.

पावसाळ्याच्या सुमारास मलाही डाग दिसू लागले. पाळीचे दिवस सोडून, अधल्यामधल्या दिवशी, आणि बहुतेक वेळा नवऱ्याजवळ गेल्याच्या दुसऱ्या सकाळी. माझ्या आईने मला शिकवलं होतं की डाग म्हणजे डाग, देवाशी लपवाछपवी करायची नाही. म्हणून मी सरळ सासूबाईंना सांगितलं. मनात एक होतंच. मला वाटलं आता माझाही चेहरा बघून परात खाली ठेवली जाईल.

"मग दूर बस," त्या म्हणाल्या.

"हेही दुखणंच असेल ना?"

"कुणा डॉक्टरने सांगितलंय?"

सांगितलं नव्हतं. म्हणजे माझी अडचण. तिच्या रक्ताला कूलर आणि माझ्या रक्ताला मागची खोली. बरं, एकदा बसून भागलं असतं तर ठीक. पण ते पुन्हा पुन्हा होऊ लागलं, आणि मी भलत्याच दिवशी मागच्या खोलीत दिसले की आदल्या रात्री काय झालं हे घरातल्या प्रत्येक लग्न झालेल्या माणसाला कळू लागलं. नवरा सकाळचा चहा खाली मान घालून प्यायचा. सासरे वर्तमानपत्र जरा जास्तच उंच धरायचे. जाऊ माझं ताट मागच्या खोलीत आणून ठेवायची आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसायची. "फिर से, जिज्जी?" मला ते ताट तिच्या डोक्यावर ओतावंसं वाटायचं. मग नवरा बाहेरच्या खोलीत झोपू लागला. बाहेर वारा चांगला येतो म्हणाला. त्या बाहेरच्या खोलीला खिडकीच नाही. भिंतीपलीकडून दीर-जावेचं हसणं ऐकू यायचं, आणि सिकाई झालेली बाई इतकी हसू शकते तर मलाही सिकाईच हवी, असं मी मनाशी पक्कं केलं.

सासूबाईंचंही तेच मत पडलं. "धाकटीचं एका शेकात निभावलं. तूही करून घे. गौरी यायच्या आत मोकळी हो."

गौरी हा खरा मुद्दा होता. आमच्याकडे भाद्रपदात गौरी बसतात, पितळी मुखवट्यांच्या दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ज्येष्ठेला थोरल्या सुनेने दारातून आत आणायचं, सासूबाईंच्या सासूचा जांभळा शालू नेसून. तो शालू वर्षभर ट्रंकेत लवंगा घालून ठेवलेला असतो आणि त्या एका दिवशी बाहेर निघतो. गल्लीतल्या सगळ्या बायका बघायला येतात. "मराठिनन के इतै महालक्ष्मी बैठी हैं," मराठणींकडे महालक्ष्मी बसल्यात, म्हणत अख्खा मोहल्ला जिन्यावर उभा राहतो. भाजीवाल्यापासून दुधवाल्यापर्यंत वर्षभर ज्या गावात मी धाकटीची जेठानी म्हणून ओळखली जाते, तिथे त्या एका संध्याकाळी मी थोरली असते. लग्न झाल्यापासून ज्येष्ठा मीच आणत आले होते. ही एक गोष्ट जावेला मिळणं शक्य नव्हतं, कारण ती माझ्यानंतर आली होती आणि त्यावर तिच्या आईचा, मावशीचा, समथरच्या तुपाचा काही इलाज नव्हता.

नवरा मला रेल्वेच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. त्याचा रेल्वेच्या बाहेर कशावर विश्वास नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, केस पांढरे, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी तपासलं, काचेवर नमुना घेतला, गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारलं. मूल लांबवायच्या गोळ्या मी मुलीच्या जन्मानंतर घेत होते, ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, अशी की जणू मी त्यांच्या मनातलंच उत्तर दिलं.

"घाव नहीं है," त्या म्हणाल्या.

मला धक्काच बसला. "पर लाल है ना?"

"लाल है. अंदर की जो नाजुक परत होती है, वो मुँह के बाहर तक आ गई है. परत पतली है, छूने से खून आ जाता है. बहुत औरतों में होता है. गोलियों से होता है, पेट से हो तब होता है, कभी यूँ ही होता है. जाँच ठीक आई तो कुछ करने की जरूरत नहीं."

"सिकाई?"

"किस चीज की? घाव ही नहीं है."

"मेरी देवरानी की तो हुई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "देवरानी को मैंने नहीं देखा. आपको देखा है."

त्यांनी नीट समजावलं, हे खरं. गोळ्या बंद करून दुसरा काही उपाय करू, काही महिने वाट पाहू, बहुतेकदा आपोआप कमी होतं. नाहीच झालं आणि फारच त्रास व्हायला लागला तर मग जाळण्याचा विचार करता येतो, पण आधी तपासणीचा निकाल हवा, कारण असं रक्त कधी कधी दुसऱ्या कारणानेही येतं आणि ते बघून घेतलेलं बरं. निकाल आला तो चांगला आला. कोणतीही शहाणी बाई देवाला नारळ फोडून घरी आली असती. मी रिक्षात बसून डोळ्यांतलं पाणी पुसत होते. नवरा म्हणाला, "अगं, चांगलंच आहे की." त्याला काय सांगणार? माझं दुखणंसुद्धा दुय्यम निघालं होतं. तिचा घाव, माझा नुसता पापुद्रा. तिला इलाज, मला वाट बघा.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी डाळ निवडता निवडता वर पाहिलं. "काही करायचं नाही म्हणजे? मग रक्त कसलं?"

"नाजूक पापुद्रा आहे म्हणे. आपोआप जातो."

"आपोआप तर केससुद्धा विंचरले जात नाहीत."

जाऊ दाराशी उभी होती. "सरकारी अस्पताल आहे ना, जिज्जी. तिथे टाळतात. माझ्या डॉक्टरला दाखवा." माझ्या डॉक्टरला! जणू ती डॉक्टरही तिच्या माहेरची.

आणि मग गौरी आल्या. त्या सकाळी मी अंघोळीला गेले आणि डाग होता. नखाएवढा. नवरा तर कधीचा बाहेरच्या खोलीत झोपत होता, तरी होता. मी न्हाणीघरात बराच वेळ उभी राहिले. कुणाला कळणार होतं? पण आईचा आवाज कानात बसलेला. बाहेर आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला, त्यांनाही वाईट वाटलं, हे मला दिसलं. पण त्यांनी शालू ट्रंकेतून काढला आणि धाकटीला हाक मारली.

मी मागच्या खोलीत बसले होते. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत उमटवायच्या कुंकवाच्या पावलांचे कागदी साचे मीच आदल्या दिवशी कापून ठेवले होते, ती पावलं आता दुसऱ्याच्या हातांनी उमटत होती. घंटा वाजली. "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली," सासूबाईंनी विचारलं, आणि जावेच्या त्या गोड आवाजात उत्तर आलं. मोहल्ल्याच्या बायका म्हणाल्या, "छोटी बहू पे कितना फबत है." खूप शोभतो म्हणे शालू धाकट्या सुनेला. मी उशीत तोंड खुपसलं. रडले नाही. मला इतका हेवा वाटत होता की रडायला जागाच उरली नव्हती. ती ज्येष्ठा हातात घेऊन चालत होती, आणि माझी मुलगी धावत येऊन मला सांगत होती, "आई, चाची एकदम देवीसारखी दिसते." पोर आपलीच, पण त्या क्षणी तिलाही एक चापट द्यावीशी वाटली.

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुणालाही न सांगता जावेच्या नर्सिंग होममध्ये गेले. बाकावर बसलेल्या सगळ्या बायका एकमेकींना आपापले घाव सांगत होत्या. माझा नंबर आला. या डॉक्टरीणबाई गोऱ्या, हसऱ्या, बोटात पुष्कराज. त्यांनी तपासलं आणि माझा रेल्वेचा निकाल वाचला.

"रिपोर्ट तो साफ है," त्या म्हणाल्या. "इंतजार भी कर सकती हो. बहुत परेशान हो तो सिकाई कर देते हैं, आज ही."

आज ही! मी चप्पल काढायला लागले. "मेरी देवरानी जैसी ही करना," मी म्हटलं.

त्या हसल्या. "सबकी एक जैसी ही होती है. पर सुन लो, बाद में पाँच-छह हफ्ते पानी जाएगा, बीच बीच में खून भी. घबराना मत."

माझा एक पाय चपलेबाहेर आणि एक आत. पाच-सहा आठवडे. मी बोटांवर मोजलं तर दिवाळीच्या फराळाचे दिवस त्यातच येत होते. आता कोणी म्हणेल की तुझ्याही रक्ताला या वेळी दुखणं म्हटलं असतं. म्हटलं असतं? जावेला म्हटलं होतं, कारण तिची आई दारात उभी राहून बोलली होती. माझ्यासाठी कोण बोलणार होतं, भुसावळहून? आणि समजा म्हटलं असतं, तरी मी कूलरसमोर, म्हणजे थंडीत कूलरही नाही, नुसतीच पडले असते, आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कढईत, धाकटी चकल्या तळत बसली असती. अनारसे तिने केले असते. मोहल्ल्यात ताटं तिने वाटली असती. गौरी गेल्या, आता दिवाळीही द्यायची? मी काढलेला पाय परत चपलेत घातला.

"इंतजार करती हूँ," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना वाटलं असावं की बाई समंजस आहे.

गोळ्या मी बंद केल्याच होत्या. दिवाळी माझ्या हातची झाली. चकल्या थोड्या कडक झाल्या, पण माझ्या झाल्या. थंडी पडली, समथरचं तूप आलं, मी ते पोळीला न लावता नुसतंच खाल्लं. आणि त्या थंडीत कधीतरी, नक्की कधी ते मला सांगता येत नाही, मी दूर बसायची ती फक्त पाळीला बसू लागले. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांत मधेच बसली नाहीस गो." तेवढंच. ना कोणी जिलेबी आणली, ना कोणी परात खाली ठेवली. आपोआप बऱ्या होणाऱ्या बाईचं कौतुक करायची पद्धत अजून कुठे नाही. नवऱ्याला मात्र कळलं. बाहेरच्या खोलीतला वारा एकाएकी बंद झाला म्हणे.

उन्हाळ्यात मी पुन्हा रेल्वेच्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, लाली पूर्ण गेलेली नाही, कमी झालीय, त्रास नाही ना? मग ती तिथे असली तर असू दे. मला आधी वाईट वाटलं, की म्हणजे पूर्ण बरीसुद्धा नाही मी. मग रिक्षात लक्षात आलं की त्रास नाही. घरी येऊन मी काही बोलले नाही. लाली आहे म्हटलं असतं तर सासूबाईंनी पुन्हा शेकाचा विषय काढला असता.

या भाद्रपदात गौरींच्या आधीचे चार दिवस मी श्वास रोखून होते. आवाहनाच्या सकाळी मी अंघोळ केली आणि काही नव्हतं. काहीच नव्हतं. मी ओल्या केसांनी बाहेर आले आणि सासूबाईंनी शालू माझ्या हातात दिला, लवंगांच्या वासासकट. "ज्येष्ठा तू आण," त्या म्हणाल्या, "कनिष्ठा धाकटीला देते."

मी मागच्या खोलीत शालू नेसत होते, त्याच खोलीत. जाऊ निऱ्या धरायला आली. खाली बसून निऱ्या नीट करताना ती थांबली आणि वर न बघता म्हणाली, "जिज्जी, एक सांगू? मला आज डाग आहे."

मी खाली पाहिलं. तिचा भांगच मला दिसत होता.

"बारीकसा," ती म्हणाली. "और... पिछले साल भी था. गौरी आणली तेव्हा."

पिछले साल! मी या खोलीत उशीत तोंड घालून बसले होते आणि ती माझा शालू नेसून, डाग असून, मी कापलेल्या पावलांवरून चालत होती. माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. "मग सांगितलं का नाहीस?"

"कैसे सांगू? सबको लगता है ठीक हो गई." तिने वर पाहिलं. डोळे भरलेले. "परत सांगितलं असतं तर परत सिकाई. बहुत जला था जिज्जी. मी कोणालाच नाही सांगितलं. आईलाही नाही. तुम्ही कशाला सांगत होतात प्रत्येक वेळी? आपणहून कोण सांगतं?"

मला तिची कीव यायला हवी होती. ती आली, पण नंतर, संध्याकाळी, पुरणाची डाळ निवडताना. त्या क्षणी मला पुन्हा हेवाच वाटला, आणि या वेळी कूलरचा नव्हे, तुपाचाही नव्हे. तिला गप्प राहता येत होतं याचा. एक शब्द गिळला की वर्षभराचा मान मिळतो, हे मला भुसावळात कोणी शिकवलंच नव्हतं.

"काचेवर नमुना घेऊन तपासलं होतं का तुझं?" मी विचारलं. "सिकाईच्या आधी?"

"वो क्या होता है?"

मग काय सांगू, मला बरं वाटलं. जे माझ्याकडे होतं ते तिच्याकडे नव्हतं, असं पहिल्यांदाच काहीतरी निघालं होतं. "गौरी उठल्या की मी तुला घेऊन जाते," मी थोरलीच्या आवाजात म्हटलं. "तपासून घ्यायलाच हवं. जाळायलाच हवं असं नाही."

"आणि आत्ता?" ती म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात दोन्ही मुखवटे, ओल्या फडक्याने पुसून लखलखीत केलेले. बाहेर जिन्यावर मोहल्ल्याच्या बायकांचा गलका चालू होता. दरवर्षी मुखवटे देताना त्या विचारतात तसं त्यांनी विचारलं, "दोघी बऱ्या आहात ना?"

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द. माझ्या हातात वर्षभराने आलेला एक शब्द, आणि तो खरा होता, माझ्या आईने शिकवलेला. मी तो बोलले असते तर ती या खोलीत बसली असती, माझ्याच जागी, याच उशीशी. पण मी तिला ओळखते. ती बसली असती आणि रडली असती, मग तिची आई आली असती, मग दीर जिलेबी घेऊन, मग सासूबाई पूजा अर्धी टाकून मऊ भात घेऊन. ज्येष्ठा माझ्या हातात असती आणि सगळं घर पुन्हा मागच्या खोलीत.

"दोघी," मी म्हटलं.

सासूबाईंनी ज्येष्ठा माझ्या हातात दिली आणि कनिष्ठा तिच्या. मी पुढे झाले. तिने मागून हळूच माझ्या शालूचा पदर सारखा केला. दारात आल्यावर बायका म्हणाल्या, "आज तो बड़ी बहू आगे है." आणि मग त्यांच्यातली एक म्हणाली, "पर छोटी को रंग कितनो खिलो है." छोटीचा रंग किती खुललाय.

मी ऐकलं. पाऊल मात्र चुकू दिलं नाही.